वलवणचे पाणी, मुंबईची वीज आणि बाबासाहेबांचा प्रश्न

अक्षय ऊर्जेसाठी खाजगी भांडवलाला सवलती द्या, बाकी सारे आपोआप होईल, असे आज सांगितले जाते. हे नवे नाही. मावळात हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच झाला.

म्हैसूर संस्थानाने 1902 मध्ये शिवसमुद्रमला सरकारी खर्चाने जलविद्युत केंद्र उभारले. मुंबई इलाख्यात मात्र मान मिळाला कंपनीला. 1910 मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली, संस्थानिकांनी तिच्यात पैसा घातला. लोणावळा, वलवण आणि शिरोता येथे अडवलेले पावसाचे पाणी नळांतून सुमारे 500 मीटर खाली खोपोलीला सोडले आणि 1915 पासून ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. धूर नाही, कोळसा नाही. अभियांत्रिकी म्हणून कौतुक करावे असेच हे काम होते, ते नाकारण्याचे कारण नाही.

पण त्या गिरण्यांत कोण होते? विणकाम खात्यात मजुरी जास्त. तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याचा विटाळ! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न उचलला. यंत्र विजेवर चालू लागले, जात होती तिथेच राहिली.

पुढे मुळशीत जमिनी घेताना 1894 चा भूसंपादन कायदा एका खाजगी कंपनीसाठी वापरला गेला. 1921 मध्ये मावळे सत्याग्रहाला उभे राहिले, सेनापती बापट तुरुंगात गेले. धरण झालेच. कायद्याने मोबदला दिला तो जमिनीवर हक्क असलेल्याला. कसणारा, राबणारा, गावकीची कामे करून भाकरी मागणारा यांचे नाव कागदावर कुठे होते?

म्हणून 25 ऑक्टोबर 1943 चे बाबासाहेबांचे भाषण वाचावे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून वीज त्यांच्याकडे होती. वीजधोरण समितीसमोर त्यांनी मांडलेला पहिलाच प्रश्न मालकीचा: खाजगी की सरकारी? वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण उद्योग वाढल्याशिवाय शेतीवर लटकलेली गरिबी सुटणार नाही, हा त्यांचा हिशोब. 1947 मध्ये त्यांनी संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. ते विजेच्या विरोधात नव्हते, हे आपल्यातल्याही काहींना सांगावे लागते.

ऑगस्ट 2023 मध्ये राज्य सरकारने त्याच टाटा समूहाशी शिरोता येथे 1,800 आणि भिवपुरीला 1,000 मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांचा करार केला. रात्री वा मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे, गरजेला खाली सोडायचे. सौर आणि पवनऊर्जेला अशा साठवणुकीची गरज आहेच. मेगावॅट आणि कोटी रुपये बातम्यांत आले. ही वीज कोणत्या दराने कोणाला मिळणार, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या मावळच्या माणसाला त्यातून काय, हे ग्रामसभेत विचारायला हवे.