स्त्रीस्मृतीविषयी तळटीप
* घोडबंदर मार्गालगतच्या चेणे गावी, पावसाळ्यात शेवळे खुडणाऱ्या बायांना रानातली जागान् जागा ठाऊक असते हे पाहून, स्त्रीची स्मृती निसर्गतःच सरस, असा जो निवाडा ग्रंथकाराने दिला आहे, तो घाईचा होय. मानसशास्त्रज्ञ सिल्व्हरमन व ईल्स यांनी १९९२ साली वस्तूंची स्थाने आठवण्यात स्त्रियांचे आधिक्य दाखविले व त्याचे मूळ कंदमुळे वेचण्याच्या प्राचीन श्रमविभागणीत शोधले, हे खरे. परंतु उपजत म्हणून मानलेला प्रत्येक भेद तपासात टिकतोच असे नाही: मुली उपजतच अधिक समाजप्रिय, ही समजूत मॅकोबी व जॅकलिन यांनी १९७४ मध्येच निराधार ठरविली होती. शिवाय स्मृती सरावानेही घडते: हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने बायांच्या तोंडून टिपल्या गेलेल्या जात्यावरच्या लाखावर ओव्या रोजच्या दळणाने मुखोद्गत झाल्या. जात्यावर पुरुष सहसा बसतच नसे, हेही दप्तरी नोंदलेले बरे. — संपादक