शिवनेरीखालचं शिवणकाम

शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला शिवणं आपोआप येत असावं, या समजुतीनं मी घरीच कोट शिवायला घेतला. नमुन्यासाठी वडिलांचा लग्नातला कोट उसवला. आई गप्प बसली. तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

१६३० साली गडावर शिवराय जन्मले, तेव्हा अंगरख्याचे बंद आवळले की काम भागे. साहेबाचा कोट आला आणि कापडालाच छाती आली. सिंगरनं १८५१ साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं, तरी उत्तम कोटाची छाती हातानंच घडते. अस्तराखाली कॅनव्हासवर शेकडो तिरपे टाके दिसले. कापड बोटावर वाकवून घातलेले.

जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्या यवनांची नावं कोरलेली आहेत, धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीचाही उल्लेख आहे. या शिंप्याचं नाव मात्र कुठंच नाही. टाके हीच त्याची सही. बँकेत वीस वर्षं सह्या पडताळणाऱ्या मला ती काही गिरवता येईना.

शेवटी उसवलेला कोट शिंप्याकडे नेला. मजुरी दुप्पट पडली. कोटावरून हात फिरवत आई म्हणाली, "आता तूच घाल. त्यांना खांद्यात घट्टच व्हायचा."