कमरेच्या हाडापासून दीड-दोन इंच: पोटाच्या भिंतीवरच्या एका ठिपक्याची गोष्ट

ज्यांचा हा एपिसोड ऐकायचा राहिला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. आज ना लढाई आहे, ना किल्ला. आज भिंत आहे, आणि ती तुमच्या शर्टाच्या आत आहे.

मराठीत आपण म्हणतो, “बेंबीच्या देठापासून ओरडला.” म्हणजे अगदी आतून, सगळा जीव एकवटून. तान्ह्या बाळाचं पोट दुखायला लागलं की आजी बेंबीभोवती हिंग लावते. मोठ्या माणसाला कळ आली तरी पहिला हात बेंबीवरच जातो. थोडक्यात, पोटाचं दुखणं म्हणजे बेंबी, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

आता एक विचित्र गोष्ट बघा. अपेंडिक्स सुजलं की दुखणं बहुतेक वेळा बेंबीपाशीच सुरू होतं. पण अपेंडिक्स बेंबीपाशी नसतं. ते असतं उजवीकडे खाली, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लटकलेलं, करंगळीपेक्षा बारीक. मग शरीर चुकीचा पत्ता का सांगतं? आणि खरा पत्ता माणसाला कधी सापडला?

आधी भिंत समजून घेऊ

पोटाच्या पुढच्या बाजूला हाड नाही. छातीला बरगड्यांचा पिंजरा आहे, मेंदूला कवटी आहे, पण आतडी सांभाळायला फक्त थर आहेत. वरून आत जायचं तर क्रम असा: त्वचा, चरबी, मग बाजूला एकावर एक असे तीन सपाट स्नायू, त्यानंतर एक पातळ पडदा, थोडी चरबी, आणि शेवटी पेरिटोनियम नावाचं गुळगुळीत अस्तर.

या तीन स्नायूंची रचना प्लायवूडसारखी आहे. सर्वात बाहेरच्या स्नायूचे धागे, जीन्सच्या पुढच्या खिशात हात घातल्यावर बोटं जशी जातात तसे, तिरके खाली आणि मध्याकडे जातात. मधल्या स्नायूचे धागे साधारण त्याला काटकोनात, उलट्या दिशेने. सर्वात आतल्याचे आडवे. प्लायवूडमध्ये लाकडाच्या रेषा आलटून पालटून लावल्या की फळी सहज चिरत नाही. इथेही तेच.

मधोमध दोन उभे पट्टे असतात. जिममध्ये ज्याला सिक्स पॅक म्हणतात ते हेच, आणि त्यातल्या आडव्या खाचा म्हणजे स्नायूतल्या तंतुमय पट्ट्या. दोन्ही पट्ट्यांच्या मधून छातीपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ जाते. तिचं लॅटिन नावही तेच सांगतं: लिनिया आल्बा, म्हणजे पांढरी रेघ. त्या रेघेवर बेंबी. बारीक माणसात बेंबी साधारण कमरेच्या तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याच्या पातळीवर असते. पोट सुटलं की ती खाली सरकते, म्हणून डॉक्टर एकट्या बेंबीवर भरवसा ठेवत नाहीत. दुसरी खूण लागते हाडाची. कमरेवर हात ठेवून बोटं पुढे आणा. एक टणक टोक हाताला लागेल. ते टोक कितीही वजन वाढलं तरी हलत नाही. आजच्या गोष्टीतला नकाशा या दोन खुणांवर उभा आहे: बेंबी आणि हे टोक.

पहिलं अपेंडिक्स भिंतीच्या भोकातून

१७३५ साली लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये क्लॉडियस अमियांड या सर्जनकडे ११ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला हर्निया होता, म्हणजे भिंतीच्या कमकुवत जागेतून आतला भाग बाहेर आलेला. अमियांड यांनी तो उघडला, तर आत अपेंडिक्स, आणि त्यात मुलाने कधीतरी गिळलेली टाचणी! त्यांनी ते अपेंडिक्स काढलं. भूल देण्याची सोय यायला अजून शंभरहून जास्त वर्षं होती. मुलगा वाचला. अपेंडिक्स काढल्याची ही पहिली नोंद मानली जाते.

पण यातून रस्ता सापडला नाही. इथे भिंतीनेच दार उघडलं होतं. भिंत शाबूत असताना आत काय बिघडलंय, हे बाहेरून ओळखायचं कसं?

पुढची दीडशे वर्षं डॉक्टर भलत्याच अवयवाला दोष देत होते. उजवीकडे खाली दुखतंय म्हणजे मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग सुजलाय, असं मानलं जायचं. उपचार काय? अफू, जळवा आणि वाट बघणं. पू साचून फुगवटा वर आला तर चिरा द्यायचा. नाही आला, तर बरेच रुग्ण मरायचे.

१८८६ मध्ये बोस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी हा गुंता सोडवला. ते हार्वर्डचे पॅथॉलॉजिस्ट. अपेंडिक्स फुटल्याच्या २५७ केसेस त्यांनी गोळा केल्या आणि दाखवून दिलं की मूळ अपेंडिक्समध्येच आहे. ‘अपेंडिसायटिस’ हा शब्द त्यांचाच. त्यांचा सल्लाही स्पष्ट होता: लवकर ओळखा, आणि गरज पडली तर लवकर कापा.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. फिट्झ यांनी जुने सगळे लॉग चाळून बग कुठल्या मॉड्यूलमध्ये आहे ते सांगितलं. पण समोर जिवंत माणूस विव्हळत असताना तो बग पकडायचा कसा, हा प्रश्न उरलाच होता. तेव्हा एक्स-रेसुद्धा नव्हता, तो आला १८९५ मध्ये.

एक बोट, एक ठिपका

उत्तर दिलं न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी. रुझवेल्ट हॉस्पिटलचे हे सर्जन. १८८९ मध्ये त्यांनी एक निबंध मांडला. कमरेच्या हाडाच्या त्या टोकापासून बेंबीपर्यंत सरळ रेघ धरा. टोकापासून त्या रेघेवर दीड ते दोन इंच या. तिथे एका बोटाने दाबा. सुजलेलं अपेंडिक्स असेल तर सगळ्यात जास्त दुखणारी जागा तीच.

एका बोटाने, यावर त्यांचा भर होता. पूर्ण तळवा ठेवला की सगळं पोटच दुखतंय असं वाटतं. एकच बोट फिरवलं की जागा नेमकी सापडते.

हे का चालतं, ते बघू. अपेंडिक्सकडून निघणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात ज्या पातळीला शिरतात, साधारण त्याच पातळीला बेंबीभोवतीच्या त्वचेच्या नसाही शिरतात. छातीच्या दहाव्या मणक्याची पातळी. मेंदूला त्वचेवरून निरोप यायची सवय आहे, आतल्या अवयवांकडून फार कमी. त्यामुळे सुरुवातीला तो पत्ता सांगतो बेंबीचा, आणि दुखणंही मोघम असतं. मग काही तासांत सूज वाढते आणि अपेंडिक्स भिंतीच्या आतल्या अस्तराला टेकतं. या अस्तराच्या नसा वेगळ्या, भिंतीच्या स्वतःच्या. त्यांचा पत्ता अचूक. दुखणं बेंबीकडून उजवीकडे खाली सरकतं, आणि वरचे स्नायू आपोआप ताठ होऊन त्या जागेवर पहारा देतात.

म्हणजे तो ठिपका भिंत बोलते ती जागा आहे. पुढे स्कॅन आल्यावर कळलं की अनेक लोकांत अपेंडिक्स नेमकं त्या ठिपक्याखाली नसतंच, वर-खाली-मागे कुठेही असतं. तरीही ठिपका सव्वाशे वर्षांहून जास्त टिकला, कारण तो दुखण्याचा नकाशा म्हणूनच मांडला होता.

१८९४ मध्ये मॅकबर्नी यांनी आत जायची पद्धतही सांगितली. स्नायू आडवे कापायचे नाहीत. प्रत्येक थर त्याच्या धाग्यांच्या दिशेने फाकवायचा, जसं लाकूड रेषेच्या बाजूने फोडतात. एका थराची फट तिरकी, पुढच्याची उलटी. काम झालं की थर सोडून द्या, फटी एकमेकींवर येत नाहीत आणि प्लायवूड पुन्हा प्लायवूड होतं. नंतर हर्निया होण्याचा धोका खूप कमी झाला. शिकागोचे ल्युईस मॅकआर्थरही त्याच सुमाराला हीच पद्धत वापरत होते, आणि मॅकबर्नी यांनी त्यांचं श्रेय मान्य केलं.

राजा, आणि एक मुलगी

मग प्रश्न सुटला का? नाही. जागा कळली तरी कधी कापायचं यावर वाद होताच. लंडनचे सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज हे अपेंडिक्सचे मोठे जाणकार, पण झटका ओसरेपर्यंत थांबावं या मताचे. १९०० साली त्यांची स्वतःची मुलगी हेटी अपेंडिसायटिसने गेली. १८ वर्षांची होती.

दोन वर्षांनी राजा सातवा एडवर्ड आजारी पडला. राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरलेला, जगभरातून पाहुणे लंडनमध्ये आलेले. राजा समारंभ पुढे ढकलायला तयार नव्हता. ट्रीव्ह्ज अडून बसले. २४ जूनला बकिंगहॅम पॅलेसमध्येच त्यांनी राजाच्या पोटाच्या भिंतीतून पू काढला. अपेंडिक्स तसंच ठेवलं. राजा वाचला आणि ९ ऑगस्टला राज्याभिषेक झाला. त्यानंतर या ऑपरेशनची लोकांच्या मनातली भीती बरीच कमी झाली.

परळच्या केईएममध्ये कधी केसपेपर काढायला रांगेत उभे राहिला असाल, तर या राजाशी तुमची ओळख आहे. केईएम म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल. तोच हा एडवर्ड.

आरसा नको, बोटं हवीत

१९६१. अंटार्क्टिका, नोवोलाझारेव्स्काया हा सोव्हिएत तळ. लिओनिद रोगोझोव्ह, वय २७, तळावरचा एकमेव डॉक्टर. त्याच्या पोटात दुखायला लागलं आणि दुखणं उजवीकडे खाली सरकलं. त्याला अर्थ लगेच कळला. बाहेर हिमवादळ, विमान येणं अशक्य.

३० एप्रिलच्या रात्री त्याने स्वतःचं ऑपरेशन स्वतःच केलं. पोटाच्या भिंतीत भूल देणारं इंजेक्शन घेतलं आणि चिरा दिला. एक हवामानतज्ज्ञ अवजारं देत होता, एक मेकॅनिक आरसा धरून होता. पण आरशात सगळं उलटं दिसायचं. मग त्याने बराचसा भाग हातमोजे न घालता, बोटांनी चाचपून केला. पावणेदोन तास लागले. अपेंडिक्सच्या बुडाशी काळा डाग होता, म्हणजे फुटायला फार वेळ उरला नव्हता. दोन आठवड्यांत तो पुन्हा कामावर.

१९८० मध्ये जर्मनीतल्या कील शहरात कुर्ट सेम यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं. आज बहुतेक दुर्बिणी बेंबीपाशीच आत जातात, कारण तिथे भिंत सगळ्यात पातळ असते. पत्ता चुकीचा सांगणारी बेंबीच शेवटी दार झाली!

आता आपल्याकडे सोनोग्राफी आहे, सीटी स्कॅन आहे. तरी डॉक्टर आधी हात लावून बघतात. या सगळ्या इतिहासात माणसं मेली ती बऱ्याचदा वाट बघण्याने. पोट बेंबीपाशी दुखायला लागलं, काही तासांत दुखणं उजवीकडे खाली आलं, भूक मेली, उलटी झाली, तर हिंग, ओवा, जुलाबाचं औषध यात रात्र घालवू नका. आणि एकदम दुखायचं थांबलं तर लगेच खूशही होऊ नका, अपेंडिक्स फुटल्यावरसुद्धा थोडा वेळ बरं वाटू शकतं. स्वतः दाबून निदान करू नका. ते बोट डॉक्टरचं असू द्या. तुमचं काम एवढंच, की वेळेत त्याच्यापर्यंत पोचायचं.

हॉस्टेलवर, पीजीमध्ये एकटं राहणारं कुणी ओळखीचं असेल, तर हा भाग त्याला नक्की पाठवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!