'कारण अज्ञात' ते नेल-वन : मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीची गोष्ट

रिसर्चमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला 'इडिओपॅथिक' हा शब्द कधी ना कधी भेटतोच. अर्थ सरळ आहे, कारण माहीत नाही. मेम्ब्रेनस ग्लोमेरुलोनेफ्रायटिस या किडनीच्या आजारावर हा शिक्का कित्येक दशकं होता. तो हळूहळू कसा पुसला जातोय हे नीट पाहिलं, तर संशोधनाबद्दल बरंच शिकायला मिळतं.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख ग्लोमेरुलस, म्हणजे बारीक गाळण्या असतात. या आजारात गाळणीच्या पडद्याच्या बाहेरच्या अंगाला अँटिबॉडी साचतात, पडदा जाड होतो आणि रक्तातलं प्रोटीन लघवीत गळायला लागतं. लघवीला फेस येतो, पाय सुजतात. घाटकोपरला रोज उभ्याने लोकल पकडणारा माणूस म्हणतो, "प्रवासाने सुजले असतील." तिथेच उशीर होतो.

१९५७ मध्ये डेव्हिड जोन्स यांनी चांदीचा रंग वापरून हा पडदा मायक्रोस्कोपखाली स्पष्ट दाखवला. त्यावर बारीक काटे दिसतात. दाह करणाऱ्या पेशी मात्र फारशा दिसत नाहीत, म्हणून आज 'नेफ्रायटिस'ऐवजी 'मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी' हे नाव रुळलंय. काटे दिसले, पण ते का आले हे कळलं नाही.

मग रुग्णांचे दोन गट पडले. ल्युपस, हिपॅटायटिस बी, सिफिलिस, कॅन्सर, किंवा पेनिसिलामाइन, सोन्याची इंजेक्शनं, पारा असं काही सोबत सापडलं की 'सेकंडरी'. काहीच सापडलं नाही की 'इडिओपॅथिक'. लक्षात घ्या, 'सापडलं नाही' यात 'शोधलंच नाही' हेही मिसळलेलं असतं.

दुसरीकडे प्रयोगशाळेत काम चालू होतं. १९५९ मध्ये वॉल्टर हायमन यांनी उंदरांना उंदराच्याच किडनीचा अंश टोचून हुबेहूब असा आजार घडवला. १९८२ मध्ये केर्जाश्की आणि फारक्वार यांनी त्यातलं लक्ष्य असलेलं प्रोटीन पकडलं. पुढे त्याला मेगालिन म्हणू लागले. पण गंमत बघा, माणसाच्या पोडोसाइट पेशींवर मेगालिन नसतंच! मॉडेल बरोबर, प्रोटीन मात्र उंदराचं. माणसातलं मुख्य लक्ष्य सापडायला २००९ उजाडलं. बोस्टनच्या बेक आणि सॅलंट यांच्या गटाला ३७ पैकी २६ 'इडिओपॅथिक' रुग्णांच्या रक्तात पीएलए-टू-आर या प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी मिळाल्या. एका पेपरने त्या शब्दाची जागा निम्म्याहून कमी केली. त्यानंतर आणखी प्रोटीनं सापडत गेली. त्यातलंच एक नेल-वन, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गटाकडून.

इथे गोष्ट आपल्याकडे वळते. नेल-वन पॉझिटिव्ह रुग्णांत परदेशात कॅन्सरचं प्रमाण लक्षणीय दिसलं. भारतात चित्र वेगळं निघालं. २०२२ मध्ये वेल्लोरच्या सीएमसीने दाखवलं की असे बरेच रुग्ण पारायुक्त देशी औषधं घेत होते. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मधले २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ नेल-वन पॉझिटिव्ह होते आणि या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम लावत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला.

महाराष्ट्रातलं उदाहरण अकोल्याचं. एकाच घरातल्या तिघींना ग्लोमेरुलोनेफ्रायटिस झाला. तिघींचं काय समान आहे याचा शोध घेतला गेला तेव्हा ब्युटिशियनकडून आणलेली फेअरनेस क्रीम समोर आली, आणि तिच्यात पारा निघाला. परळच्या केईएममधल्या डॉक्टरांनी हाताळलेलं हे प्रकरण २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आलं. पारा मेलॅनिन तयार करणाऱ्या एन्झाइमला अडवतो, म्हणून त्वचा उजळते. पण तो त्वचेतून रक्तात आणि तिथून किडनीतही जातो.

हे नवीन ज्ञान होतं का? नाही. १९७२ मध्येच नैरोबीच्या डॉक्टरांनी नेफ्रॉटिक सिंड्रोमचे ६० प्रौढ रुग्ण अभ्यासले होते. त्यातले ५३ टक्के पाऱ्याची उजळ क्रीम लावणारे निघाले. म्हणजे अर्ध्या शतकापूर्वी हा संबंध छापून आला होता, आणि तरीही मधल्या काळात असे किती रुग्ण 'इडिओपॅथिक'च्या खान्यात गेले असतील! हा नुसता शब्दांचा खेळ नाही. कारण अज्ञात मानलं तर आजार बळावल्यावर स्टिरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधं द्यावी लागतात. त्यांनी इन्फेक्शनचा धोका वाढतो, तरुण मुलींच्या प्रजननक्षमतेवरही परिणाम होऊ शकतो. कारण क्रीम असेल तर पहिला उपचार म्हणजे ती डबी फेकून देणं.

आता तुमच्यासाठी मुद्दा. नेल-वनचा डाग पॉझिटिव्ह आला म्हणजे कारण मिळालं असं होत नाही. त्यामागे कॅन्सर असू शकतो, भस्म असू शकतं, क्रीम असू शकते. ते ठरवायला अँटिबॉडीच्या किटइतकाच साधा प्रश्नही लागतो. आणि प्रश्न कसा विचारता यावर उत्तर ठरतं. केस-शीटवर "कोणती औषधं घेता?" एवढंच असेल, तर बोरिवलीची ताई "काही नाही" असंच सांगणार, कारण क्रीमला कुणी औषध म्हणत नाही. "चेहऱ्याला काय लावता? कुठून आणता? घरात अजून कोण लावतं?" असं सुटं सुटं विचारावं लागतं.

सिनॉप्सिस लिहिताना प्रश्नावली शेवटच्या रात्री घाईत जोडायची आपल्याकडे सवय आहे. ती आधी लिहा. कोणता नमुना कोणत्या मशीनवर चालवायचा, हे त्यानंतर ठरवा.