पहिल्या धारेची : मोह, बीअर आणि चवीची भाषा

चवीच्या बाबतीत मराठी भाषा दरिद्री आहे असे कोणी म्हणणार नाही. खमंग, खरपूस, आंबूस, तुरट, गुळमट, सपक, उग्र, जहाल अशी विशेषणे आपण स्वयंपाकघरात सहज वापरतो. नागपूरच्या सावजी रश्श्याची तर्री कशी असावी यावर येथे तासभर वाद होऊ शकतो, आणि त्या वादात भाग घेणाऱ्या कोणालाही शब्द अपुरे पडत नाहीत. पण हीच भाषा मद्याजवळ आली की मुकी होते. ‘कडक’, ‘चढणारी’, ‘पहिल्या धारेची’ एवढ्यावर तिचा शब्दसंग्रह संपतो. यांपैकी एकही शब्द चवीचा नाही. तिन्ही ताकदीचे आहेत. मराठी रसिकाला मद्याचा जोर सांगता येतो, स्वाद सांगता येत नाही. असे का झाले असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या प्रश्नाला अलीकडे एक निमित्तही मिळाले आहे. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ ही छोटी बीअर-भट्टी सुरू झाली आणि महाराष्ट्रात ‘क्राफ्ट बीअर’ नावाची नवी अभिरुची रुजू लागली. अशा ठिकाणी चार-सहा लहान पेल्यांतून वेगवेगळ्या बीअर एका ओळीत मांडून देतात. सौम्य बीअरपासून सुरुवात करून गडद बीअरपर्यंत जावयाचे, प्रत्येकीचा वास, रंग, कडवटपणा यांची तुलना करावयाची, अशी रीत आहे. ‘एल’ प्रकारात किण्व उबदार तापमानात काम करते, म्हणून फळांसारखे वास येतात. ‘लागर’मध्ये ते थंडीत संथपणे काम करते, म्हणून चव स्वच्छ राहते. बव्हेरियाकडच्या गव्हाच्या बीअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास असतो. तिच्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. तो वास त्या विशिष्ट किण्वाचा असतो. ही सारी चर्चा करणारी मंडळी मराठी असतात, पण चर्चेचे शब्द मात्र जवळजवळ सगळे इंग्रजी असतात. शब्द उसने घेण्यात गैर काही नाही. प्रश्न इतकाच की, आपल्याकडे ते कधी नव्हतेच, की होते आणि गेले?

प्राचीन वाङ्मयाकडे पाहिले तर ‘नव्हतेच’ असे म्हणता येत नाही. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त सुराध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार वेगळे केले आहेत. मेदकाची कृतीही दिली आहे : एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. आज आपण विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ‘किण्वन’ म्हणतो, त्याचे मूळ याच किण्वात आहे. तांदळाचे हे पेय बीअरच्या जवळचे आहे. आसव कवठापासून होते आणि मधु द्राक्षांपासून. धान्य, फळ आणि मसाला यांनुसार केलेले हे वर्गीकरण आजच्या कोणत्याही बीअर-जाणकाराला ओळखीचे वाटेल. कौटिल्य काही उदार रसिक नव्हे. त्याचे लक्ष महसुलाकडे आणि बंदोबस्ताकडे आहे. तरीही उत्सव, समाज आणि यात्रा यांच्या वेळी चार दिवस सुरा करण्याची मोकळीक तो देतो. सर्वांत कठोर प्रशासकालाही घर आणि उत्सव यांचा हक्क पूर्णपणे नाकारता आला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या प्रदेशापुरते बोलायचे तर हालाच्या ‘गाथासप्तशती’त मोहाची झाडे प्रेमिकांच्या संकेतस्थळासारखी येतात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मदिरापानाला राजाच्या क्रीडांमध्ये जागा आहे. म्हणजे महाराष्ट्री प्राकृतापासून दख्खनच्या राजदरबारापर्यंत हा विषय लेखनाला वर्ज्य नव्हता.

आता विदर्भाकडे वळू. येथे क्राफ्ट बीअरला सर्वांत जवळचा नातलग कोणता, तर मोह. फुलांपासून गाळलेली ही दारू बीअर नव्हे, हे खरे. पण स्थानिक कच्चा माल, लहान भांडी, करणाऱ्याचा हात आणि दर खेपेला बदलणारी चव ही क्राफ्टची सारी लक्षणे तिच्यात आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची मांसल, फिकट पिवळसर फुले जमिनीवर पडतात. ती दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आधी साफ करतात, कित्येकदा जाळतात. फुले वेचून वाळवतात. वाळलेल्या फुलांत अर्ध्याहून अधिक भाग साखरेचा असतो, म्हणून टंचाईच्या दिवसांत ती अन्न म्हणूनही उपयोगी पडतात. हीच फुले पाण्यात काही दिवस आंबवून, भांड्यावर भांडे रचून, वाफ थंड करून दारू गाळली जाते. फुले किती वाळली, पाणी कोणते, भांडे मातीचे की धातूचे, जाळ मंद की भडक, पहिली धार की नंतरची, यावर तिचा स्वाद ठरतो. गोंड समाजात जन्म, लग्न आणि मृत्यू या तिन्ही प्रसंगी तिचे स्थान आहे; पिण्याआधी काही थेंब देवाच्या नावाने जमिनीवर वाहिले जातात. पलीकडे बस्तरमध्ये तांदळाचा लांदा आणि सल्फीच्या झाडाचा रस आहे. लांदा ही तर खऱ्या अर्थाने तांदळाची बीअरच.

मग ही तुलना करणारी भाषा आपल्या प्रमाण मराठीत का आली नाही? याचे उत्तर वाङ्मयाच्या इतिहासापेक्षा अबकारीच्या इतिहासात शोधावे लागते.

१८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. इतर प्रांतांप्रमाणे येथेही दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क लिलावात ठेकेदाराला देण्याची पद्धत होती. पुढे सरकारी देखरेखीखालील मोठ्या भट्ट्या आल्या. दारूचा माल मोहाचाच होता, गिऱ्हाईकही तेच होते. बदलले ते मोजमाप. दारूची ताकद उपकरणाने मोजायची आणि त्या अंशांवर कर घ्यायचा, अशी व्यवस्था झाली. चवीवर कर बसवता येत नाही. त्यामुळे सरकारी कागदात तिला जागा उरली नाही.

मुंबई इलाख्यात याहून पुढचे पाऊल पडले. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरगुती दारूवर बंधने आली आणि १८९२ च्या ‘म्हौरा अ‍ॅक्ट’ने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध घातले. फूल हे अन्न आहे, असा आक्षेप या कायद्याच्या विरोधात घेतला गेला होता. पण महसुलाच्या हिशोबात फुलाकडे भावी दारू म्हणूनच पाहिले गेले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातच्या संदर्भात या प्रक्रियेचा अभ्यास केला आहे. रूढी गुन्ह्यात कशी रूपांतरित होते, हा त्यांचा विषय आहे, आणि तो विदर्भालाही लागू पडतो.

१९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. त्यातील कलार जातीवरच्या लेखात मद्याला देवत्व कसे प्राप्त झाले, याची चर्चा सोमरसापर्यंत जाते. पुढे व्हेरिअर एल्विन यांनी मैकल पर्वतातील आदिवासींमध्ये राहून लेखन केले आणि त्यांच्या घरगुती मोहाच्या हक्काची बाजू मांडली. म्हणजे या प्रदेशाच्या मद्याबद्दल कुतूहलाने लिहिले गेले ते प्रामुख्याने इंग्रजीत, मानववंशशास्त्राच्या दालनात. मराठी साहित्याच्या दालनात ते शिरले नाही.

येथे पाश्चात्त्य बीअरच्या इतिहासाशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. इंग्लंडमध्ये घरी बीअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. १९७१ मध्ये पारंपरिक एल वाचवण्यासाठी तेथे ग्राहकांची चळवळ उभी राहिली. १९७७ मध्ये मायकेल जॅक्सन या इंग्रज लेखकाने (गायकाशी त्याचा संबंध नाही) जगभरच्या बीअरचे शैलींनुसार वर्गीकरण करणारा ग्रंथ लिहिला. साहित्याच्या विद्यार्थ्याला यात वाङ्मयप्रकारांची मीमांसाच दिसेल. १९७८ मध्ये अमेरिकेने घरगुती बीअरला संघराज्याच्या कायद्याने मुभा दिली आणि घरात हात बसलेल्या हौशी लोकांतूनच पुढचे अनेक बीअर-कारागीर निघाले. थोडक्यात, कायद्याने आधी घराचे दार उघडले, मग अभिरुची आली, मग समीक्षा आली आणि मग बाजार. आपल्याकडे घराचे दार एकोणिसाव्या शतकातच बंद झाले होते.

मराठी साहित्यिकांनी मद्याकडे कसे पाहिले, तेही याच पार्श्वभूमीवर वाचावे लागते. जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेकडे दारूच्या दुकानांच्या वाढीबद्दल तक्रार केली. दारू हा त्यांच्या दृष्टीने गरिबांच्या लुटीचा प्रश्न होता. माधव जूलियन यांनी उमर खय्याम मराठीत आणला, पण तेथील मद्य बहुतांशी प्रतीक आहे. आणि राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक तर मराठी मनातील मद्याची प्रतिमाच ठरले. गडकऱ्यांचा मृत्यू २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेर येथे झाला. नाटक रंगभूमीवर आले ते त्यांच्या पश्चात. सुधाकर आणि सिंधूची शोकांतिका सर्वांना ठाऊक आहे. तळीरामाच्या ‘आर्यमदिरामंडळा’कडे मात्र या दृष्टीने पुन्हा पाहावे असे वाटते. एकत्र बसून पिणारी, पिण्याचे तत्त्वज्ञान सांगणारी ही मराठी साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध मंडळी, आणि ती प्रहसनातली आहे. तिथे प्रत्येकाजवळ पिण्याचे समर्थन आहे, पण मद्याच्या चवीत मात्र कोणाला रस नाही. रसिकतेच्या नावाखाली चाललेली आत्मवंचना गडकऱ्यांनी अचूक हेरली होती.

गडकऱ्यांचा हा इशारा विदर्भात केवळ नाट्यगृहापुरता उरला नाही. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसनंतर असहकाराच्या काळात येथे दारूच्या दुकानांविरुद्ध आंदोलन झाले. १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराजांनी व्यसनमुक्ती गावोगाव नेली. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत मोठ्या लोकचळवळीनंतर, जिच्यात गावोगावच्या स्त्रिया पुढे होत्या, १९९३ मध्ये ती लागू झाली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. या स्त्रियांपुढे स्वादाची भाषा बोलणे उद्धटपणाचे ठरेल. ज्या घरात मजुरी दारूत जाते, त्या घराला पहाटे पडणाऱ्या फुलांचे काव्य ऐकवू नये. आस्वादाचा इतिहास लिहिताना हा इतिहास तळटीपेत ढकलता येणार नाही.

तरीसुद्धा शब्दांचा प्रश्न उरतोच. बीअरचे धान्य ‘फर्मेंट’ होते, इडलीचे पीठ ‘आंबते’, पण मोहाची फुले ‘सडतात’. ‘मोहफुलांचा सडवा नष्ट’ हा मथळा विदर्भातील वृत्तपत्रांच्या वाचकाला परिचित आहे. क्रिया तीच आहे, सूक्ष्मजीव जवळपास तेच आहेत, पण एका शब्दात कौशल्य आहे आणि दुसऱ्यात कुजणे. ‘क्राफ्ट’ या शब्दाचा अर्थ हातचे कसब, आणि ‘हातभट्टी’तही हातच आहे. एका हाताला प्रतिष्ठा मिळाली, दुसऱ्याला बेड्या. शिवाय हातभट्टी या एकाच शब्दात आपण फुलांपासून गाळलेला मोह आणि मिथेनॉल मिसळलेले विष एकत्र कोंबतो. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत शंभरावर माणसे मेली ती अशा विषाने. ज्या भाषेत या दोहोंसाठी वेगळे शब्द नाहीत, ती भाषा पिणाऱ्याला सावधही करू शकत नाही. चवीची भाषा ही केवळ चैन नव्हे. ओळखण्याची, पारखण्याची आणि नाकारण्याचीही ती भाषा असते. चांगले काय हे ज्याला सांगता येते, त्यालाच वाईट काय हे सांगता येते.

शेजाऱ्यांनी काही वाटा शोधल्या आहेत. गोव्याच्या काजू-फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे हुर्राक आणि फेणी यांतला भेद सामान्य माणसालाही ठाऊक असतो. मध्य प्रदेशाने अलीकडे मोहाच्या दारूला वारसा-मद्याचा दर्जा देणारे धोरण आणले. अशा धोरणात धोका हाच की, बाटलीवर वारसा छापला जाईल आणि वारसदार पुन्हा फुले वेचणारा मजूर राहील. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी, या दोन्ही गोष्टी एकाच कलमात देऊ केल्या आहेत. हे मला फार अर्थपूर्ण वाटते. मोह हवा की नको, हवा तर कोणत्या प्रसंगी आणि किती, हे ठरवण्याचा अधिकार त्या झाडाखाली राहणाऱ्यांचा आहे. त्यांत दारूबंदी मागणारी स्त्रीही आली आणि देवाला थेंब वाहणारा म्हाताराही आला.

साहित्याच्या अभ्यासकाचे काम याहून लहान आहे, पण ते त्याच्याखेरीज दुसरे कोणी करणार नाही. गोंडी, माडिया, हलबी या बोलींत फुलांच्या, धारेच्या आणि वासाच्या प्रतींना काय म्हणतात, हे टिपून ठेवण्याजोगे आहे. आपल्या महाविद्यालयांत गडचिरोली-गोंदियाकडून येणारे विद्यार्थी हे शब्द घेऊनच वर्गात येतात. आपण त्यांना ‘रस’ आणि ‘आस्वाद’ या संज्ञा शिकवतो. त्यांच्याकडून त्यांचे शब्द विचारून घेण्याची वेळ मात्र अभ्यासक्रमात कोठेच येत नाही.