वक्राच्या किनाऱ्यावरील मध्यान्हभोजन

कतारमधील दोह्याच्या दक्षिणेस पंधरा-सोळा किलोमीटरवर असलेल्या अल वक्रा या गावी, जीर्णोद्धार झालेल्या बाजाराच्या समुद्राभिमुख बाजूस, शुक्रवारची दुपारची नमाज आटोपली की माणसे सहकुटुंब जेवावयास बसतात. हुमुस, मुतब्बल, तब्बुले, लोणच्यातले सलगम आणि तळलेली कोळंबी अशा लहान लहान बशांनी मेज भरून जाते, रोटीचा तुकडा मोडून जो तो आपल्याला हवे ते उचलतो, आणि हे सारे इतक्या सहजतेने चाललेले असते की ही रीत या किनाऱ्यावर पूर्वापार चालत आली असावी, असा नवागताचा समज व्हावा. वस्तुतः एके काळी भर दुपारी समुद्राकडे डोळे लावून स्वस्थ जेवणे ही गोष्ट येथील पुरुषांना वर्षातले सुमारे चार महिने केवळ दुर्लभच नव्हे, तर निषिद्ध होती; कारण पोट भरण्यासाठी त्यांना याच समुद्रात मोत्यांकरिता बुडी मारावी लागे, आणि भरल्या पोटी बुडी मारता येत नसे.

मोत्यांचा मोठा हंगाम उन्हाळ्यात, साधारणतः जूनपासून सप्टेंबरपर्यंत चाले. पाणबुडा पहाटे काही खजूर आणि कडू कॉफीचे घोट एवढ्यावर दिवस आरंभी. कासवाच्या पाठीचा किंवा शिंगाचा चिमटा नाकास लावून, पायास दगड बांधून तो तळाशी जाई, मिनिटभर किंवा त्याहून किंचित अधिक काळ शिंपले गोळा करी, आणि दोरीला हिसका बसताच वरचा ओढणारा गडी त्याला वर खेची. दिवसाकाठी अशा कित्येक बुड्या झाल्यावर, सूर्य मावळला म्हणजे मग अन्न. भात आणि त्याच समुद्रातील मासा एका मोठ्या परातीत येई, आणि सारे गडी तिच्याभोवती बसून एकत्र जेवीत. पिण्याचे पाणीसुद्धा मोजून मिळे. श्रमाच्या वेळी उपवास आणि श्रम संपल्यावर आहार, असा हा क्रम श्वासाच्या हिशेबाने ठरलेला होता, आणि त्यात धर्माचा काही संबंध नव्हता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

त्या परातीतला भात बहुतांशी हिंदुस्थानातून जाई, आणि परातीभोवतीच्या माणसांनी काढलेले मोती मुंबईस येत. तेथे त्यांची प्रतवारी होई, त्यांना वेज पाडले जाई आणि मग ते पॅरिस-लंडनकडे रवाना होत. व्यवहाराचे चलन रुपया होते. १८६८ साली ब्रिटिश रेसिडेंट कर्नल लुईस पेली यांनी दोह्याचे प्रमुख मोहम्मद बिन सानी यांच्याशी करार केला, तेव्हा आखातातील ब्रिटिश रेसिडेन्सी मुंबई सरकारच्याच अंमलाखाली होती, आणि पुढे लॉरिमर नामक हिंदी सनदी नोकराने या मुलखाची जी सविस्तर जंत्री सिद्ध केली, तीही कलकत्त्यास छापली गेली. आपल्याकडे मुंबईच्या मोतीबाजाराच्या वैभवाचे वर्णन करताना त्या वैभवाच्या मुळाशी असलेला हा उपाशी मनुष्य क्वचितच कोणाच्या ध्यानात येतो, याचे मला मनस्वी वाईट वाटते. हंगामापूर्वी त्याला नाखुद्याकडून, म्हणजे होडीच्या कप्तानाकडून, उचल मिळे, नाखुदा स्वतः सावकाराचा देणेकरी असे, आणि फारखत मिळाल्यावाचून पाणबुड्याला दुसऱ्या होडीवर रुजू होता येत नसे. कित्येकदा बापाचे देणे मुलाच्या अंगावर येई. आफ्रिकेतून आणलेले गुलामही या पाणबुड्यांत होते, आणि त्यांच्या कमाईवर हक्क धन्याचा असे. कतारमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १९५२ साली.

तत्पूर्वीच मोत्यांचा धंदा बुडाला होता. जपानातील मिकिमोतो यांचे संवर्धित मोती आणि १९२९ ची जागतिक मंदी यांनी त्याचा कणा मोडला, आणि पुढील दशकांत अन्नान्नदशेस लागून कित्येक कुटुंबे हा किनारा सोडून गेली. कतारमधील दुखानचे तेल दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभकाळीच हाती लागले होते, पण त्याची पहिली निर्यात झाली १९४९ च्या अखेरीस, आणि तीही वक्राच्याच दक्षिणेकडील उम्म सईद बंदरातून. तेलाबरोबर दरमहा पगार आला, घड्याळाने बांधलेला कामाचा दिवस आला, आणि त्याबरोबर दुपारचे जेवणही. शाळा, इस्पितळे, दफ्तरे आणि बांधकामे यांसाठी लेबनॉन, सीरिया व पॅलेस्टाइन येथून शिक्षक, डॉक्टर, अभियंते आले, आणि लहान बशांची ही भोजनपद्धती त्यांच्या मागोमाग आली. लेबनॉनमधील झाहले गावच्या बर्दौनी नदीकाठची उपाहारगृहे तिच्याविषयी विख्यात आहेत. डोंगरातील थंड पाण्याच्या काठी, हाताशी वेळ असलेल्या माणसांत रुजलेली ही रीत आहे. खाऱ्या, उष्ण, वृक्षहीन किनाऱ्यावर ती उपरीच. येथील रुपयाचे चलनही १९६६ साली संपले, आणि ज्या धाग्यांनी हा किनारा मुंबईशी बांधलेला होता त्यांतला एक महत्त्वाचा धागा तुटला.

सगळेच मात्र तुटले नाही. बशा रिकाम्या झाल्यावर येणारा मचबूस, म्हणजे वाळवलेल्या लिंबाचा आणि दालचिनी-वेलचीचा वास येणारा मांसाचा किंवा माशाचा भात, अजूनही एकाच मोठ्या परातीत येतो, आणि तांदूळ आजही पुष्कळ अंशी आपल्याच देशाचा असतो. त्याहून जुन्या वळणाचा पदार्थ म्हणजे मोहम्मर: खजुराच्या काकवीत शिजवलेला, तांबूस, गोड भात, ज्याच्याबरोबर तळलेला साफी मासा खातात. दिवसभराच्या बुड्यांनी खचलेल्या देहाला तत्काळ शक्ती देणारे अन्न म्हणून आखाताच्या या भागात त्याची ख्याती आहे. वक्रास जेवावयास जाणाऱ्या मराठी मनुष्याने हुमुस अवश्य खावे, पण मोहम्मर कोठे मिळतो याची चौकशी त्याने आधी करावी. तो सर्वत्र मिळत नाही, आणि घरोघरी होतो तितका उपाहारगृहांत होत नाही.