डॉ. परुळेकर यांचे ‘सकाळ’ आणि निःपक्ष वृत्ताचा वारसा

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास सांगावयाचा म्हणजे ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पणा’पासून आरंभ करावयाचा आणि लोकमान्यांच्या ‘केसरी’पाशी नतमस्तक व्हावयाचे, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो यथायोग्यच होय. तथापि ही दोन्ही पत्रे मुख्यतः लोकशिक्षणासाठी व मतप्रसारासाठी जन्मास आली होती. काल गावात काय घडले ते कोणाचीही बाजू न घेता सांगावे, आणि त्यावरून मत बनविण्याचे काम वाचकाकडे सोपवावे, हा वृत्तपत्राचा निराळाच धर्म आहे. मराठीत तो रुजविणाऱ्यांत कै. डॉ. नारायण भिकाजी तथा नानासाहेब परुळेकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

नानासाहेबांनी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेतले, पाश्चात्त्य वृत्तपत्रांचा व्यवहार डोळ्यांखालून घातला, आणि १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केले. त्या काळी पुण्याचे पत्र म्हटले की ते जहालांचे की नेमस्तांचे, हा प्रश्न आधी विचारला जाई. ‘सकाळ’ने तो प्रश्नच गैरलागू ठरविला. सोपी भाषा, लहान वाक्ये, नगरपालिकेचा कारभार, पाण्याची टंचाई, बाजारभाव, तालुक्यातालुक्यांतून येणारी बातमीपत्रे, ही त्याची सामग्री होती. खेड्यापाड्यांतून अशी पत्रे धाडणाऱ्या वार्ताहरांत आमच्या व्यवसायाचे शिक्षक पुष्कळ असत, हे जाता जाता नमूद करण्याचा मोह आवरत नाही.

निःपक्षपणा टिकवावयाचा तर आधी पत्र स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते. याचे प्रत्यंतर १९६१ साली आले. वृत्तपत्राने किती किमतीस किती पाने द्यावीत हे ठरविण्याचा अधिकार १९५६ च्या कायद्याने केंद्र सरकारकडे घेतला व १९६० मध्ये तसा आदेश काढला. ‘सकाळ’ तेव्हा आठवड्यातून पाच दिवस सहा पानांचे, एक दिवस चार पानांचे असे निघे आणि किंमत होती ७ नवे पैसे. आदेशाप्रमाणे एकतर पाने घटवावी लागणार किंवा किंमत वाढवावी लागणार. मोठ्या पत्रांच्या स्पर्धेपासून लहान पत्रांस वाचवावे हा सरकारचा हेतू वाईट होता असे म्हणवत नाही. परंतु आज पानांची संख्या ठरविणारा हात उद्या मजकुरापर्यंत पोहोचणार नाही याची हमी कोणी द्यावी? ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि विशेष हे की त्याच्या काही वाचकांनीही न्यायालयाचे दार ठोठावले. २५ सप्टेंबर १९६१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो कायदा व आदेश घटनाबाह्य ठरविला. आपल्या पत्रासाठी वाचकाने पदरमोड करून न्यायालयात जावे, असा तो काळ होता!

८ जानेवारी १९७३ रोजी नानासाहेब निवर्तले. त्यांच्या पत्नी शांताबाई जन्माने फ्रेंच. कन्या क्लोद लीला या उभयतांच्या संस्कारांत वाढल्या. स्वीकारलेली भूमिका सोडावयाची नाही, हा पित्याचा बाणा लीलाबाईंत पुरेपूर उतरला. १९८५ मध्ये ‘सकाळ’ची मालकी पवार कुटुंबाकडे गेली. भागांच्या हस्तांतरणासंबंधी लीलाबाईंनी दिलेला न्यायालयीन लढा अनेक वर्षे चालला. त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २००५ साली लागला. त्या वादात कोणाचे कितपत बरोबर होते हे कायदेपंडितांनी पाहावे. इतिहासाच्या विद्यार्थ्यास त्यात निराळेच काही दिसते. पित्याचा स्वभाव लेकीकडे येतो. पण वृत्तपत्र ही भागभांडवलाची वस्तू असते, आणि तिचा वारसा भागांच्या मोजणीने ठरतो. एका माणसाच्या सचोटीवर उभी राहिलेली निःपक्षता त्याच्या पश्चात कोणी व कशी सांभाळावी, याची तजवीज आपल्या समाजाने कधी केलीच नाही.

आणखी एक विपरीत गोष्ट अशी. १९६१ च्या निर्णयाने पाने वाढविण्यास मोकळीक मिळाली; पुढे पाने वाढली, किंमत मात्र खर्चाच्या मानाने नाममात्र राहिली, आणि मधली तूट जाहिरातींनी भरून निघू लागली. वाचक हा यजमान होता, तो हळूहळू गिऱ्हाइकापुढे मांडावयाचा माल झाला. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन उमेदवारांची स्तुती बातमी म्हणून छापल्याचे उघडकीस आले. आपल्या महाराष्ट्रात तर एकच मजकूर, शब्दही न बदलता, परस्परांच्या प्रतिस्पर्धी पत्रांत प्रसिद्ध झाल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले.

केवळ पत्रांच्या मालकांस दोष देऊन आपण सुटू नये. आपल्या ज्ञातीच्या मेळाव्याचे वृत्त दोन ओळींत आटोपले की आपण रुष्ट होतो, आणि छायाचित्रासह अर्धे पान आले की ते पत्र निर्भीड ठरते. प्रस्तुत स्मरणिकाही या नियमास अपवाद नाही, हे संपादक मंडळ मोठ्या मनाने छापील अशी आशा आहे.

पैसे घेऊन छापलेल्या त्या वृत्तांची चौकशी भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने केली. परंजय गुहा ठाकुरता व के. श्रीनिवास रेड्डी यांनी २०१० मध्ये सविस्तर अहवाल सादर केला. परिषदेने मात्र त्याचा संक्षेप तेवढा प्रसिद्ध केला. वृत्तपत्रांची नावे असलेला मूळ अहवाल जनतेस वाचावयास मिळाला तो २०११ मध्ये, तोही माहितीच्या अधिकाराखाली केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिल्यानंतर.